रिकाम्या घराचं दार

जांभळवाडी, ता. वाई
३ मे १९७६

चि. जोतीराम भावजी यांस,

राहीवहिनीचे आशीर्वाद. तुम्ही ते घेणार नाही हे मला ठाऊक आहे, पण थोरली भावजय आहे, दिल्याशिवाय कागदाला सुरुवात कशी करू? ठेवून घ्या, कधीतरी उपयोगी पडतील.

लिहायचं कारण एकच. तुमच्या घराचं दार गेलं. दोन्ही फळ्या, चौकट, उंबरा, सगळं. काल मी खालच्या आळीत उतरले तर तुमच्या घराला तोंडच नाही. भिंतीत नुसतं भगदाड, आणि आत कुणाची तरी शेळी उभी.

तुम्ही तासगावच्या वसाहतीत गेल्यापासून खालची आळी म्हणजे बिनधन्याचं शेत झालं आहे. यंदा धरणाचं पाणी अडवणार, तांबड्या रेघेच्या खालचं सगळं बुडणार, मग जे हाताला लागेल ते न्यावं अशी लोकांची चढाओढ लागली आहे. कुणी कौलं उतरवतंय, कुणी वासे ओढतंय. साळूबाईनं तर पलीकडच्या घरातला पाटा डोक्यावरून नेला, वरवंटा ओच्यात घालून. मी विचारलं, "साळूबाय, तुज्या घरात पाटा न्हाई व्हय?" तर म्हणते, "हाय की. पर पानी न्हेनार ते म्या न्हेलं तर काय बिघडलं?" मी म्हटलं, "पान्याला लाज नसती बाई, तुला असावी." तेव्हापासून ती मला विहिरीवर दोर देत नाही.

पण ज्यांनी जाताना चूल मोडली त्यांच्या घरातलं नेलं तर मी काही म्हणत नाही. मी सांगलीकडची असले तरी या खोऱ्यात नांदायला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की घर कायमचं सोडताना घरच्या बाईनं आपल्या हातानं चूल मोडायची. चूल मोडली की घर सुटलं, मग चौकट न्या की कौलं न्या, कुणाचा शब्द नाही. चूल उभी असली तर घर वसतं आहे असं समजायचं, माणसं असोत की नसोत. तुमच्या आळीतल्या सगळ्या बायांनी रडत का होईना पण चुली मोडल्या. तुमच्या घरात मात्र माझ्या जावेची, मनूची चूल जशीच्या तशी. वैलावर राखेचं पोतेरं फिरवलेलं, पुढं फुंकणी ठेवलेली. जणू आत्ता येऊन भाकरी थापणार आहे.

भावजी, चूल मोडायला विसरलात का हो? तुम्ही पलटणीतून आलेला माणूस, बुटाची नाडी विसरत नाही. मनूही विसरणारी नव्हे. म्हणजे ते घर तुम्ही सोडलेलं नाही, आणि सोडलेलं नाही तर तिथलं दार नेणं ही सरळ सरळ चोरी आहे. दार कुठं आहे ते मला कळलं आहे. पुढच्या कागदात लिहीन. आज नको.

एक सांगते. मनूच्या परसातला मोगरा मी मुळासकट उपटून आणला आणि आमच्या न्हाणीपाशी लावला. जिवंत रोप पाण्यात बुडू देणं मला जमणार नाही. त्याला चोरी म्हणायची असेल तर म्हणा, मी रोप परत देणार नाही.

मनूला सांगा, जायच्या दिवशी मी बांधावर उभी होते. तिनं वर पाहिलं ते मी पाहिलं. तुम्ही नाही पाहिलंत, तेही पाहिलं.

तुमची वहिनी,
राही


जांभळवाडी
१२ मे १९७६

चि. जोतीराम भावजी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. देशात आणीबाणी आहे, कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही म्हणतात. आपल्या घराण्यात ती पाच वर्षांपूर्वीच आली.

मागच्या कागदात दार कुठं आहे ते मी लिहिलं नव्हतं. आपल्याच घरच्या माणसाचं नाव लिहायला हात धजला नाही, दुसरं काय. तुमचं दार आमच्या गोठ्याला लावलेलं आहे. तुमच्या दादांनी आणलं.

लपून छपून नव्हे. भर दुपारी बैलगाडी जुंपून खाली गेले, पहारीनं चौकट सुटी केली आणि सगळ्या गावादेखत वर आणली. मी त्या दिवशी वाईच्या बाजाराला गेले होते. संध्याकाळी येऊन पाहते तर गोठ्याला सागवानी दार! पितळी कड्या, वरच्या पट्टीवर मामंजींनी कोरलेली वेल, आणि आत आमची म्हैस रवंथ करते आहे. एवढं थाटाचं दार असलेली म्हैस साताऱ्याच्या राजवाड्यातही नसेल.

मी विचारलं, "आवं, ही कुनाचं दार?"

म्हणाले, "दिसतंय की."

"त्या घरात चूल हाय अजून. बगितली न्हाई का तुमी?"

"बगितली."

"मग?"

"बगूनच आनलं. तुला न्हाई कळायचं."

बस्स. एवढंच. नाथाजी जाधव यांचं या विषयावरचं संपूर्ण भाषण. त्यांनी मग बाज गोठ्यापुढं ओढली आणि त्या दाराकडं तोंड करून झोपले.

मला काय कळायचं नाही, भावजी? सगळं कळतं. वाटणीच्या दिवशी मी आतल्या खोलीत कान लावून बसले होते. यांनी पंचांपुढं म्हटलं होतं, "खालचं घर जोत्याला द्या, काळी जमीन जोत्याला द्या. मला आबाच्या हातचं दार तेवढं द्या." तुम्ही म्हणालात, "घर माजं तर दार माजं. दार काय खुंटीवरचा फेटा हाय व्हय, काडून द्याया?" बोललात ते बरोबरच. पंचांनीही मान हलवली. पण ज्या सागाच्या फळ्या झाल्या तो साग मामंजींनी तोडला, आणि करवतीला वरून हे आणि खालून तुम्ही होतात. सगळं खोरं तेव्हा म्हणायचं, नाथा-जोत्याची करवत कधी अडकत नाही. त्या दाराला नाही म्हणाल्यावर यांनी तुमचं नाव घेणं सोडलं.

मग धरणाची मोजणी आली. तांबडी रेघ तुमच्या घराच्या वरून आणि आमच्या घराच्या खालून गेली. चांगलं घर बुडणार, खडकावरचं राहणार. लोक म्हणाले, नाथाजीला आधीच ठाऊक असणार, म्हणून तर वरचं घर घेतलं. लोकांचं सोडा, तुम्हीही म्हणालात. तो बोल यांना लागला. मला दिसलं, कारण त्यानंतर हे खालच्या आळीतून जायचे बंद झाले, ओढ्यावरून लांबचा फेरा घालू लागले.

असा माणूस, ज्यानं एवढा बोल सोसला, तो तुम्ही पाठ फिरवताच जाऊन तेच दार घेऊन येतो? मागितलं तेव्हा मिळालं नाही, म्हणून रिकाम्या घरातून ओरबाडून आणतो? बावीस वर्षं मी यांच्याबरोबर संसार केला, यांनी कुणाच्या बांधावरची काडी कधी आणली नाही. मला राग आला आहे म्हणून लिहीत नाही, मला वाईट वाटतं आहे. पण रागही आला आहे.

तर मी ठरवलं. त्या दारातून मी जाणार नाही. म्हणजे गोठ्यात जाणार नाही, म्हणजे धार काढणार नाही. म्हशीला यांच्या हाताची सवय नाही. पहिल्या दिवशी तिनं बादली उलटवली, दुसऱ्या दिवशी यांनाच उलटवलं. गुडघ्याला हळद लावून बसले आहेत, पण दार काढत नाहीत. मीही काही कमी नाही. काळा चहा पिते.

तुमची,
राही


जांभळवाडी
२१ मे १९७६

भावजी,

हा कागद तुम्हाला पोस्टमन देणार नाही. ट्रकवाला अर्जुना देईल, आणि कागदाबरोबर तुमचं दार देईल. आधी दार उतरवून घ्या, मग पुढचं वाचा. अर्जुना गडबडीचा आहे. फळी आपटली तर कोपरा उडेल.

कसं झालं ते सांगते. म्हशीच्या प्रकरणाची चर्चा गावभर झाली. विहिरीवर बायांचे दोन तट पडले. साळूबाई म्हणते, "सख्ख्या भावाचंच आनलं ना? परक्याचं तर न्हाई. आन् राहीबाय, तू मोगरा आनलास तो गं?" मी म्हटलं, मोगरा बोलत नाही, दार बोलतं. यावर ती फिदीफिदी हसली. खरं सांगू? मलाही माझं बोलणं नीट पटलं नाही. पण माघार कशी घ्यायची?

मग मी नानासोंकडं गेले. वाटणीला पंच तेच होते. ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता खरं म्हनशील तर ती घर सरकारचं हाय. भरपाई उचलली, खातं मिटलं. दार जोत्याचं बी न्हाई न् नाथाचं बी न्हाई."

मी म्हटलं, "सरकार येनार हाय का दार न्ह्याया?"

"सरकार कशाला यील?"

"मग पान्यात घालायला सरकारचं, आन् माघारी द्यायला कुनाचं?"

नानासो हसले. म्हणाले, "तू वकील व्हायला पायजे हुतीस." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "पर राही, एक हाय. चूल उभी असंल, आन् सख्खा भाऊ असंल, तर आमच्यात..." मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. म्हटलं, सख्खा भाऊ असो की पाण्यातल्या साती आसरा येवोत, चूल उभी ती उभी. नानासोंनी पुन्हा अडकित्ता हातात घेतला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तोडू नये हे मला कळतं, पण मला त्या दिवशी कुणाचं 'पर' ऐकायचं नव्हतं.

भावजी, मला एवढंच वाटतं. घर रिकामं असलं म्हणून ते बेवारशी होत नाही. वस्तू टाकून दिली की ठेवून गेला, हे ठेवणाऱ्यानं ठरवायचं, नेणाऱ्यानं नाही. नेणाऱ्याच्या हाती ठरवणं दिलं तर जगात प्रत्येक वस्तू टाकलेलीच निघेल. आज पाण्याचं निमित्त आहे. उद्या म्हणतील, धनी तासगावला आहे, लांब आहे. परवा म्हणतील, धनी झोपला आहे.

हे काल महाबळेश्वरला गेले, हॉटेलांना बटाटे घालायला. दोन मुक्काम होणार होते. मी त्याच दुपारी अर्जुनाला बोलावलं. त्याचा ट्रक तासगावच्या द्राक्षवाल्या व्यापाऱ्याचा, इकडून रिकामाच परततो. तो म्हणाला, "वैनी, नाथातात्या माजी हाडं मोडत्याल." मी म्हटलं, "मोडली तर मी जोडते. तू पहार घे." दोन गडी घेतले, चौकट हलकेच सुटी केली, फळ्यांना मध्ये घोंगडी घातली. उंबरा मी स्वतः धुऊन पुसून दिला आहे, शेण लागलं होतं.

आता गोठ्याला पुन्हा तोंड नाही, आणि हे उद्या सकाळी येतील. काय म्हणायचं ते म्हणोत. एक काम नीट झालं एवढं समाधान मला आहे. दार तुमचं होतं, तुमच्याकडं आलं. तुम्ही आता दोन ओळी लिहिल्यात तर बरं वाटेल. दादांना नको, मला लिहा.

तुमची वहिनी,
राही


जांभळवाडी
२९ मे १९७६

चि. जोतीराम भावजी आणि चि. मनू,

अर्जुना काल आला. मी अंगणात भुईमूग फोडत होते, हे बाजेवर पडले होते. महाबळेश्वरहून आल्यापासून यांनी माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. आले, गोठ्याचं भगदाड पाहिलं, बटाट्याची रिकामी पोती खाली ठेवली, भगदाडाला आडवा दोर बांधला आणि बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी आठ गोष्टी बोलण्यासाठी तयार ठेवल्या होत्या, एकही कामाला आली नाही. म्हशीची धार मी काढते आहे आता. जेवतात, पण ताटाकडं बघून.

अर्जुना आला तो खाली बसेना. म्हणाला, "वैनी, पुन्यांदा असलं काम मला सांगू नगा."

मी विचारलं, दार पोचलं ना?

"पोचलं. जोतीरामतात्यानं ट्रकातनं उतरवूच दीना. म्हनं, कुनी पाठिवलं? म्या म्हनलं, वैनीनं. म्हनं, दादा कुठं हुता? म्या म्हनलं, म्हाबळेसरला. म्हनं, त्याच्या मनाबिगर ही घरातनं हलतंय व्हय? दादानंच धाडलं. माघारी धाडलं, म्हंजे तोडलं मला. तुमचा कागद फोडला बी न्हाई. आन् खाली बसला वैनी, धुळीत. एवढा पलटनीतला गडी."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी म्हटलं, अरे, त्याचंच दार त्याला पाठवलं, यात तोडायचं काय?

मग अर्जुनानं तुमचं बोलणं सांगितलं. मी ते जसं ऐकलं तसं लिहिते, कारण मला पुन्हा एकदा लिहून बघायचं आहे. तुम्ही म्हणालात, "मनूनं कुदळ उचलली हुती चूल मोडाया. म्या तिचा हात धरला. मोडली असती तर तुज्यासारख्या कुनी बी दार न्हेलं असतं, अर्जुना. न मोडल्या चुलीच्या घरात परका हात घालत न्हाई. घालनार तो सख्खा भाऊच. त्याला इचारावं लागत न्हाई, चूल एकच असती म्हनून. दादा येनार, चूल बगनार, आन् दार न्हेनार. मला ठावं हुतं. तोंडानं दिलं असतं तर त्यानं घेतलं नसतं."

भावजी, बावीस वर्षं मी या खोऱ्यात आहे. सासूबाईंनी मला अर्धी रीत सांगितली, सुनेला लागेल तेवढी. उरलेली अर्धी भावाभावांची होती. नानासो सांगायला निघाले होते तर मी त्यांचं तोंड बंद केलं. यांना विचारलं तर हे म्हणाले, बघूनच आणलं. सगळं सांगूनच टाकलं होतं की हो यांनी! मी ते बेशरमपणा समजले. तुम्ही दोघं पाच वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत आणि एका चुलीवरून सगळं बोलून घेतलंत, आणि मी, जी रोज बोलते, विहिरीवर बोलते, पंचांशी बोलते, तुम्हाला पानं भरभरून लिहिते, मी मध्ये पडून तुमची गाठ सोडून टाकली. अंगण फाटावं आणि आत जावं असं मला झालं. आणि मी चांगलं काम केलं म्हणून मिरवत होते!

पण त्याच्यापुढं अर्जुना जे बोलला ते यांनीही ऐकलं. मी विचारलं, मग दार लावलं का शेवटी? तर म्हणाला, "न्हाई. लिंबाला टेकवून ठिवलंय. वसाहतीतला सुतार आला हुता, चौकट उभी करू म्हनला. तात्या म्हनला, थोरला जित्ता असताना आमच्या चौकटीला दुसऱ्यानं खुंटी मारायची व्हय? हात लावू नगंस. आन् वैनी, घराला दार न्हाईच त्यांच्या. तरटाचा पडदा हाय. वाऱ्यानं उडतोय म्हनून खाली धोंडा बांदलाय."

हे बाजेवर उठून बसले. अर्जुनाकडं बघून म्हणाले, "काय बांदलंय?"

"तरट, तात्या. पोत्याचं."

"कवापासनं?"

"ग्येल्यापासनं की."

हे परत आडवे झाले, पण डोळे मिटले नाहीत. रात्री जेवायला उठले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

भावजी, तुमच्या घरात तरट लावून तुम्ही मनूसह राहिलात आणि घरचं सागाचं दार भावासाठी भिंतीत ठेवून गेलात. मी याला काय म्हणू? मूर्खपणा म्हणावा तर माझं तोंड आता तेवढं मोठं राहिलेलं नाही. मनू, तुझा हात त्यांनी धरला तेव्हा तू का नाही गं मला सांगून पाठवलंस? बांधावर उभी होते मी.

मी चुकले. दार पाठवलं ते यांनी नव्हे, मी पाठवलं. यांच्या मागं, यांना न विचारता. तुमच्या दादांनी तुम्हाला तोडलं नाही. त्यांनी तुमचं देणं डोक्यावर घेऊन आणलं होतं आणि त्याच्यापुढं झोपत होते. रागावायचं तर माझ्यावर रागवा, मला सवय आहे, मला तुमचा राग पेलेल. त्यांचा राग तुम्हाला पेलणार नाही आणि तुमचा त्यांना.

पण हात जोडून गप्प बसणारी मी नव्हे. चूक मी केली, निस्तरणारही मीच. पाऊस चौकटीवर पडायच्या आत ते दार भिंतीत बसलं पाहिजे, आणि खुंटी थोरल्यानंच मारली पाहिजे. हे येत नाहीत तोवर मी यांच्यामागं लागणार आहे. सकाळी बोलणार, दुपारी बोलणार, धार काढताना बोलणार. बोलणं हेच तर माझं एक अवजार आहे. त्यानंच बिघडवलं, त्यानंच दुरुस्त करीन. तोवर सुताराला हात लावू देऊ नका.

तुमची वहिनी,
राही


जांभळवाडी
२ जून १९७६

चि. जोतीराम भावजी,

तीन दिवस मी बोलले. गोठ्यात, शेतात, चुलीपाशी. पहिल्या दिवशी म्हणाले, "ज्यानं दिलं त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, त्याला दारच नाही, तोंडाचं काय घेऊन बसलात. त्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तुम्ही नाही गेलात तर मी जाते, उद्याच्या सांगलीच्या एसटीनं, आणि खुंटी मी मारते. भावजय म्हणजे थोरल्याची अर्धी. हे म्हणाले, "तू मारशील. तुजा काय नेम न्हाई." पण ते हसले, भावजी. बटाटे घेऊन गेल्यापासून पहिल्यांदा.

आज सकाळी ट्रंकेतून मामंजींचा सुतारकामाचा वाकस काढून हे दगडावर घासत बसले. दुपारपर्यंत घासत होते. मी विचारलं नाही. खरं सांगते, जीभ दाताखाली धरून बसले. मग यांनी स्वतःहून हाक मारली. "आगं, कागद घे. जोत्याला लिवायचंय." मी म्हटलं, तुमच्या नावानं? म्हणाले, "मग कुनाच्या? मी सांगतो तसं लिव. तुजं काय घालू नगंस."

तेव्हा यापुढचं त्यांचं आहे. मी फक्त हात आहे.

जोत्या, तुजं दार म्या घेतलं हुतं. ती घेतलंच म्हन. माघारी धाडलं ती माज्या मनानं न्हवं. शुक्रवारी येतोय. दार न्ह्याया न्हाई येत, बशिवतो तितंच. तरट काडून टाक. चौकट धराया दुसरा गडी लावू नगंस, तू ऱ्हा.

एवढं सांगून थांबले. मी विचारलं, अजून काही?

म्हणाले, "न्हाई. झालं. तू बी पुडं काय लिवू नगंस."

म्हणून थांबते.